जड यांच्या पोकळ पेट्या आणि कारखान्यातली मांजर

नमस्कार. न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात अमेरिकन कलाकार डोनाल्ड जड यांच्या धातूच्या पेट्या पाहून, काहीतरी चुकल्यासारखे वाटून आपण बाहेर पडलात, सोबतची पुतणी म्हणाली, "आपली मनी तर यात लगेच जाऊन बसेल," आणि तेव्हापासून आपल्या डोक्यात तीन प्रश्न घोळत आहेत, असे आपण लिहिले आहे. या पेट्या जड यांनी स्वतःच्या हाताने बनवलेल्या नाहीत, तर त्यात त्यांचे असे काय आहे? ते १९९४ साली गेले, मग आता त्यांचा वारसा म्हणून नेमके काय जपायचे? आणि तीच मापे देऊन आपल्या ओळखीच्या पत्रेवाल्याकडून तशीच पेटी करून घेतली, तर ती खोटी का?

मी समीक्षक नाही. गेली सव्वीस वर्षे भोसरीत पत्राकामाचा लहानसा कारखाना चालवतो. निम्मे काम इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्यांचे असते, उरलेले शिल्पकारांचे आणि आर्किटेक्ट लोकांचे. म्हणजे आपल्या तिसऱ्या प्रश्नातला तो पत्रेवाला मीच, असे समजायला हरकत नाही. पुतणीचे म्हणणेही मी थट्टेवारी नेणार नाही. त्याकडे पुढे येतोच.

आधी एक गाठ सोडवून बाजूला ठेवू. "हाताने बनवले नाही" ही तक्रार फार टिकत नाही. आपल्या चौकाचौकांतले कांस्य पुतळे शिल्पकार मातीत घडवतो आणि ओतकाम करणारे दुसरेच असतात. तरी तो पुतळा ओतकाम करणाऱ्याचा आहे असे कोणी म्हणत नाही. मात्र तेथे निदान मातीच्या नमुन्यात शिल्पकाराचा हात असतो. जड यांच्या बाबतीत मातीही नाही. एक चित्र, काही मापे, धातूचे नाव, आणि बहुतेक वेळा 'शीर्षक नाही' हेच शीर्षक. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की ज्या कामाला हाताचा ठसाच नाही, त्याचे 'मूळ' राहते कोठे: कागदावर, पत्र्यात, की आणखी कोठे? याचे उत्तर पेटी कोणत्या धातूची आहे, कोणत्या काळातली आहे आणि कोणासाठी, कोणत्या जागेसाठी केलेली आहे, यावर पुष्कळसे अवलंबून आहे. सरसकट एक नियम सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

माणसाविषयी थोडक्यात. जन्म १९२८, मिझुरी राज्यातला. कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकले, काही वर्षे कलेवर परखड परीक्षणे लिहून पोट भरले, चित्रकला सोडली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लाकडी वस्तू करू लागले. त्या लाकडी कामांत त्यांच्या वडिलांचा हात होता. सुतारकाम वडिलांना चांगले जमत असे. १९६४पासून त्यांनी न्यूयॉर्कमधल्या 'बर्नस्टीन ब्रदर्स' या पत्राकाम करणाऱ्या दुकानाकडून कामे करून घ्यायला सुरुवात केली. 'मिनिमलिस्ट', म्हणजे कमीत कमी घटकांत काम करणारा, हा शिक्का त्यांना मान्य नव्हता, आणि आपल्या कामाला 'शिल्प' म्हणणेही त्यांना फारसे रुचत नसे. आडनाव जड आणि पेट्या पोकळ, हा विनोद आमच्या फिटरने पहिल्याच दिवशी करून घेतला असल्यामुळे मी तो करत नाही.

आता पत्र्याकडे. सुमारे आठ वर्षांपूर्वी एका तरुण शिल्पकाराने आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या पाच उघड्या पेट्या करायला दिल्या. सहा मिलिमीटरची प्लेट, मिल फिनिश, म्हणजे रोलिंग मिलमधून जशी येते तशीच, वर लॅकर नाही, पॉलिश नाही. शनिवारी संध्याकाळी शेवटच्या पेटीची वरची प्लेट कापून, कडा साफ करून, टेकूच्या घोड्यांवर गोधडी टाकून ठेवली आणि आम्ही घरी गेलो. आमच्याकडे ठमी नावाची एक मांजर आहे. रविवारी कारखाना बंद, वॉचमन झोपलेला. ठमी बँडसॉखालच्या (पट्ट्याच्या करवतीखालच्या) ट्रेमधल्या कूलंटमधून, म्हणजे पाते थंड ठेवणाऱ्या द्रवातून, चालत आली आणि प्लेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत गेली. सोमवारी सकाळी अकरा पंजे मोजले. चार बोटांचे चार ठिपके आणि मागे गादीचा एक त्रिकोण; राखाडी, स्वच्छ, एखाद्या शिक्क्यासारखे.

पुसले की जाईल, असे वाटले. थिनर लावला, साबण लावला, शेवटी एका कोपऱ्यावर सौम्य ॲसिड लावून पाहिले. पंजा फिका झाला, पण भोवती हातभर मळकट चट्टा उठला. कूलंट क्षारयुक्त असते आणि ॲल्युमिनियमला क्षार सोसत नाही. रात्रभर बसले की पृष्ठभागच बदलतो. पॉलिश पेपरने घासले असते तर डाग गेला असता, पण त्याबरोबर रोलिंगच्या बारीक समांतर रेघाही गेल्या असत्या, आणि त्या रेघा हेच तर त्या कामाचे रूप होते. प्लेट बाद केली. नवी मागवली: तोच मिश्रधातू, तीच जाडी, तोच व्यापारी. ती आल्यावर चार तयार पेट्यांशेजारी उभी केली, तर वेगळी दिसली. तिची छटा किंचित निळसर होती, रेघा किंचित ठळक होत्या. लॉट बदलला होता. शिल्पकार बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने पाचही पेट्यांच्या वरच्या प्लेटा एकाच लॉटमधून नव्याने कापायला सांगितल्या. त्यात माझा फायदा बुडाला, पण त्याचे म्हणणे बरोबर होते.

हे इतके सविस्तर सांगितले, कारण आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. एकच ड्रॉइंग, एकच कारखाना, एकच महिना, आणि तरी दोन प्लेटा एक नव्हेत. मग १९६०च्या दशकातली जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याची पेटी आज बनवायची म्हटली तर काय होईल? त्या काळच्या पत्र्यावर जस्ताची मोठमोठी फुले उमटत, कारण जस्ताच्या कढईत शिशाचा अंश असे. आता शिसे काढून टाकले आहे, फुले बारीक झाली आहेत, काही पत्र्यांवर तर ती दिसतही नाहीत. माझ्याकडे जड यांची मापे मिलिमीटरपर्यंत असली तरी त्यांचा पत्रा माझ्याकडे नाही. कोरीव नक्षी असलेल्या मूर्तीवर लहानसा ओरखडा सहज लपतो. जेथे नक्षीच नाही तेथे डोळा सरळ ओरखड्यावर जातो. अशा कामात पृष्ठभाग हाच मजकूर असतो. म्हणूनच या पेट्यांना बोट लावू देत नाहीत. बोटाच्या घामातले मीठ उघड्या धातूवर वेळीच पुसले नाही तर ते कायमचे बसते, आणि सांगायची गोष्ट म्हणजे मांजरांनाही घाम येतो तो पंजाच्या गाद्यांनाच.

उरलेले अर्धे उत्तर संमतीचे आहे. इटलीतले मोठे संग्राहक ज्युसेप्पे पांझा यांनी १९७०च्या दशकात जड यांची काही कामे आराखडे आणि प्रमाणपत्रे यांच्या रूपात विकत घेतली. पुढे त्या कागदांच्या आधारे काही कामे जड यांच्या देखरेखीशिवाय बनवली गेली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये असेच एक काम प्रदर्शनात उभे राहिले, तेव्हा जड यांनी ते आपले नाही असे जाहीर केले आणि त्या सगळ्या प्रकरणावर एक लांबलचक, कडवट लेख लिहिला. पांझा यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. त्यांच्याकडे सहीचे कागद होते. पण कारखानदार म्हणून मला जड यांचे म्हणणे पटते. ड्रॉइंगवर सगळे कधीच लिहिलेले नसते. बेंडची त्रिज्या किती, सांधा कोणत्या बाजूला लपवायचा, स्क्रूचे डोके दिसू द्यायचे की नाही, भिंतीपासून किती अंतर सोडायचे, यांतल्या निम्म्या गोष्टी गिऱ्हाईक समोर उभे राहून "हे नको, ते राहू दे" म्हणते तेव्हा ठरतात. ते "हे नको" म्हणणारा माणूस गेला की ड्रॉइंग अर्धे राहते. पुढे पांझा यांच्या संग्रहाचा मोठा भाग गुगेनहाइम संग्रहालयाकडे गेला, आणि त्यातल्या कोणत्या कामाला काय मानायचे हे ठरवण्यासाठी त्या संग्रहालयाला २०१०पासून स्वतंत्र संशोधन प्रकल्पच चालवावा लागला.

आता वारशाचा प्रश्न. येथे माझे मत जरा ठाम आहे: जड यांनी मागे ठेवले ते पेट्यांपेक्षा पेट्यांचे ठिकाण. त्यांची कामे संग्रहालयांत येत, सहा आठवडे राहत, आदळत-आपटत परत जात, आणि या प्रकाराला ते विटले होते. १९६८ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या सोहो भागात १०१ स्प्रिंग स्ट्रीट ही १८७० सालची पाच मजली बिडाची इमारत घेतली आणि एकेका मजल्यावर काय कोठे असावे ते वर्षानुवर्षे ठरवत राहिले. १९७०च्या दशकात ते पश्चिम टेक्ससमधल्या मार्फा या चिमुकल्या गावी गेले. तेथल्या जुन्या लष्करी तळावर त्यांनी डिया या कलासंस्थेच्या पैशातून काम उभारले. डियाच्या मागचा तेलाचा पैसा आटल्यावर तिच्याशी खटका उडाला, आणि त्या भांडणातून १९८६ साली चिनाती फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था उभी राहिली.

मी मार्फाला एकदाच गेलो आहे. एल पासोहून गाडीने सुमारे तीन तास, वाटेत पाहण्यासारखे काही नाही, आणि तेच पाहण्यासारखे आहे. तोफा ठेवायच्या दोन लांब विटांच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या शंभर पेट्या आहेत, १९८२ ते १९८६ या काळात केलेल्या. प्रत्येकीचे बाहेरचे माप एकच, ४१ x ५१ x ७२ इंच. प्रत्येकीचे आतले विभाजन वेगळे. कोठे मधोमध पडदा, कोठे तिरकी प्लेट, कोठे एक बाजूच नाही. अर्ध्या इंचाची प्लेट आहे. मी सवयीने खाली वाकून सांधे पाहू लागलो, तेव्हा तेथल्या मार्गदर्शक बाईंनी सौम्यपणे दोन पावले मागे सरकायला सांगितले. मग सांधे पाहणे सोडले आणि उभा राहिलो. दोन्ही लांब भिंतींना जमिनीपासून वरपर्यंत चौकोनी काचा आहेत. पूर्वी तेथे गॅरेजची दारे होती, ती काढून जड यांनी या काचा बसवल्या. छत गळत होते, म्हणून त्यावर जीआय पत्र्याची अर्धगोल कमान चढवली आणि तिची उंची मूळ इमारतीइतकीच ठेवली. दुसऱ्या महायुद्धात येथे जर्मन युद्धकैदी होते. डोके गमावण्यापेक्षा ते वापरलेले बरे, अशा अर्थाची जर्मन पाटी भिंतीवर अजून आहे, तीही त्यांनी पुसली नाही. सकाळी दहाच्या उन्हात समोरची पेटी पत्र्याची दिसतच नव्हती. तिच्या एका बाजूला बाहेरचे पिवळे गवत उतरले होते, दुसरी बाजू आभाळाच्या रंगाची झाली होती, आणि नेमके आत काय आहे हे कळायला चार पावले चालावे लागत होते. ढग आला आणि शंभरच्या शंभर पेट्या पुन्हा राखाडी झाल्या.

आमच्या धंद्यात मास्टर गेज नावाची माप तपासायची वस्तू असते. रोजच्या वापराची गेजे झिजतात, पडतात, म्हणून एक गेज कपाटात तेल लावून ठेवतात आणि शंका आली की त्याच्याशी ताडून पाहतात. चिनाती फाउंडेशनविषयी लिहिताना जड यांनी जवळपास हीच उपमा दिली आहे: प्लॅटिनम-इरिडियमची मीटरची दांडी जशी बाजारातल्या मोजायच्या टेपची हमी असते, तसे या काळाच्या कलेचे एक काटेकोर माप कोठे तरी असायला हवे. (ती दांडी १९६० सालीच मीटरच्या व्याख्येतून निवृत्त झाली होती, पण टेप विकणाऱ्याला त्याचे काय.) माझ्या मते आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. जगभरच्या संग्रहालयांतल्या जड यांच्या पेट्या म्हणजे टेप. त्या खऱ्याच आहेत, पण त्यांच्याभोवतीची जागा, उजेड, अंतर हे सगळे उसने असते. मार्फा आणि स्प्रिंग स्ट्रीट येथे ते उसने नाही. आपल्याला न्यूयॉर्कमध्ये जे चुकल्यासारखे वाटले, ते बहुधा त्यामुळे.

आता मनीचे. पुतणीने चेष्टेत म्हटले, पण मांजराइतकी पोकळीची पारख दुसऱ्या कोणाला नसते. नेदरलँड्समध्ये प्राण्यांच्या एका आश्रयगृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणींना लपायला खोके दिले आणि ९ जणींना दिले नाही. खोकेवाल्या लवकर स्थिरावल्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग त्याहून गमतीचा आहे. जमिनीवर चार कोपऱ्यांत कापलेल्या चकत्या अशा मांडल्या की मध्ये चौकोन नसताना तो असल्याचा भास व्हावा. लोकांनी आपापल्या घरी हा प्रयोग करून पाहिला. सगळ्या फेऱ्या पूर्ण केलेल्या ३० मांजरांपैकी ९ जणी निदान एकदा तरी कोणत्या ना कोणत्या आकृतीत बसल्या, आणि त्या नसलेल्या चौकोनात जवळपास खऱ्या चौकोनाइतक्याच वेळा बसल्या. भिंत नाही, पत्रा नाही, तरी आत आणि बाहेर हा भेद त्यांना कळला. जड यांच्या कितीतरी पेट्यांना एक बाजू उघडी असते किंवा ॲक्रिलिकची असते ती याचसाठी. ठोकळा दाखवायचा नाही, आत किती जागा आहे ते लपवायचे नाही.

ठमीचे निरीक्षण मी आणखी थोडे पुढे नेले आहे. एकच खोके पॅसेजमध्ये ठेवले तर ती हुंगून निघून जाते. तेच खोके पूर्वेच्या खिडकीखाली, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवले, की अकरा वाजता ती आत असते. खोके तेच, जागा वेगळी. जड यांना यासाठी टेक्ससमध्ये एक लष्करी तळ लागला. ठमीचे कमी खर्चात भागते.

मग ज्यात बसता येते ती कला की फर्निचर, असेही पुतणी विचारील. जड यांनी खुर्च्या, टेबले, पलंगही केले; मार्फात मुलांसाठी केलेले पलंग त्यांतलेच. पण दोन्हींत त्यांनी भेसळ होऊ दिली नाही. एकदा त्यांनी आपल्या एका कामावरून कॉफी टेबल करून पाहिले. काम बिघडले आणि टेबलही वाईट झाले, म्हणून ते फेकून दिले, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. म्हणूनच त्यांचे फर्निचर आजही शिक्का आणि क्रमांक घालून बनवले जाते, त्यात कोणाला वावगे वाटत नाही. शंभर पेट्यांत एकशे एकावी घालण्याचा विचार मात्र कोणी करू नये. खुर्ची झिजली की नवी करायची असते. गेज तसे नसते.

गेज सांभाळायला पैसा लागतो, हे भक्तांच्या लक्षात येत नाही. जड यांनी मृत्युपत्रात आपली ठिकाणे जशी आहेत तशी राखावीत असे लिहून ठेवले, पण त्यासाठी पुरेल एवढी रोकड ठेवली नाही. त्यांच्या मुलांनी, फ्लेव्हिन आणि रेनर यांनी, १९९६ साली स्थापन झालेल्या जड फाउंडेशनचा भार उचलला. २००६ साली निधी उभा करण्यासाठी ३६ कामे लिलावात विकावी लागली, तेव्हा बरीच टीका झाली. मला त्यात चूक दिसत नाही. विकलेली कामे टेपच्या वर्गातली होती, आणि त्या पैशाने मास्टर गेजाचे कपाट दुरुस्त झाले. स्प्रिंग स्ट्रीटची इमारत तीन वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१३ साली लोकांसाठी उघडली. मार्फात वातानुकूलन नसलेल्या शेडमध्ये सहा फुटांची ॲल्युमिनियमची पेटी तीस अंशांच्या फरकाने सुमारे सव्वा मिलिमीटर लांबते आणि पुन्हा आखडते, हे कमीअधिक प्रमाणात रोज, चाळीस वर्षे. बाहेर जड यांची काँक्रीटची पंधरा कामे आहेत, १९८०पासून उन्हापावसात. कोणीतरी रोज झाडू मारतो, काचा पुसतो, छताचे गळके शोधतो. वारसा हा शब्द मी त्या माणसाच्या कामासाठी राखून ठेवीन.

तेव्हा थोडक्यात: मूळ कागदात नाही आणि नुसत्या पत्र्यातही नाही, ते धातू, संमती आणि जागा या तिघांच्या जोडणीत आहे, आणि त्यांतले एक निसटले की बाकीचे दोन कमकुवत होतात.

आणि पेटी करून घ्यायची आपली इच्छा असेल तर जरूर करून घ्या. जड यांची नक्कल म्हणून नको, विकायला तर मुळीच नको. आपल्या भिंतीसाठी, आपल्या मापाची. प्रथम खोली मोजा, मग पेटी. भिंतीवर एकावर एक पेट्या लावायच्या असतील तर पेटीची उंची आणि दोन पेट्यांमधले अंतर सारखे ठेवा. जड यांच्या मोठ्या उभ्या रचनांत दोन्ही नऊ इंच असत. छत बुटके असेल तर पेट्या कमी करा, अंतर कमी करू नका. भिंतीला ओळंबा लावून पाहा, कारण आपल्याकडच्या भिंती सरळ नसतात आणि पहिल्याच पेटीला ते कळते. पत्रेवाल्याला एकाच लॉटचा पत्रा वापरायला सांगा, मिल फिनिश हवे असेल तर प्लास्टिकची फिल्म शेवटपर्यंत काढू देऊ नका, आणि मागच्या बाजूला त्याचे नाव पंच करून घ्या. जड यांच्या कितीतरी कामांमागे बर्नस्टीन ब्रदर्सचे नाव असेच पंच केलेले आहे. सर्वांत खालची पेटी मात्र जमिनीपासून चांगली वर घ्या, निदान मनी उडी मारू शकणार नाही इतकी. ते माप मला ठाऊक नाही. ठमी साडेपाच फूट जाते.